बापाची कुऱ्हाड, आईचा इळा



मागच्या महिन्यात धारणी तालुक्यातल्या एका गावात आम्ही दावे भरायला बसलो होतो. वनहक्क समितीची पोरं ओसरीत मांडी घालून फॉर्म लिहीत होती. एकेक जण पुढे येई आणि आपले कागद ठेवी. कोणाकडं राशन कार्ड, कोणाकडं मतदार यादीची नक्कल, कोणाकडं जुनी घरपट्टी. एका साथीनं मात्र गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड आणून समोर ठेवली. म्हणाला, "कागद त काहीच नाही भाऊ. बापानं हेच ठेवलं." पोरं हसली. आम्हीही हसलो, ते कबूल केलं पाहिजे.

कुऱ्हाड हातात घेतली तेव्हा हसू थांबलं. पातं पाजवून पाजवून निम्मं उरलेलं. दांडा धावड्याचा, धरायच्या जागी काळा नि गुळगुळीत, आणि अंगठ्याखाली एक खळगा पडलेला. त्या साथीचा अंगठा त्या खळग्यात बसत नाही, बापाचा हात मोठा होता. दांडा बदलावा असं त्याला दहा वेळा वाटलं, पण बदलला नाही. का, ते त्याला सांगता आलं नाही, आणि आम्हीही फार खोदून विचारलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक म्हातारबा बोलले. सकाळपासून ते गप्प होते. "किती वर्षांपासून जमीन वाहतो?" या फॉर्मातल्या प्रश्नाला त्यांनी "लय वर्षं झाले" एवढंच उत्तर दिलं होतं. कुऱ्हाड पाहून म्हणाले, "हे त मी वळखतो. दुष्काळाच्या साली हे जमा झालती. थो चार डाव पायी गेलता, तवा भेटली."

मग सगळं बाहेर आलं. ७२ चा दुष्काळ. शेतात जे काही उगवलं होतं ते रानडुकरांपासून वाचवायला बापानं काट्याच्या फांद्या तोडून कुंपण घातलं. गार्डनं गुन्हा केला, कुऱ्हाड नेली. कुऱ्हाड सोडवायला बाप चार वेळा पायी गेला, शेवटी दंड भरला. दंडाच्या पैशात नवी कुऱ्हाड आली असती आणि वर मीठ-मिरचीही झाली असती. घरच्यांनी तेव्हा त्याला येडा म्हटलं. पण ती कुऱ्हाड त्याच्याही बापाची होती.

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं घरी जाऊन आईला विचारलं. आईनं आढ्याला टांगलेलं गाडगं खाली काढलं. त्यात दंडाची पावती निघाली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण वाचता येते. बापाचं नाव, गावाचं नाव, तारीख, आणि गुन्हा असा: वनजमिनीतील शेतीस कुंपण घालण्याकरिता फांद्या तोडल्या. म्हणजे बाप तिथं शेती करत होता हे खात्यानंच लिहून दिलं. त्या माणसाचं नाव जन्मात एकदाच सरकारी कागदावर आलं, तेही आरोपी म्हणून, आणि त्याच्यासोबत कुऱ्हाडीचं.

आता आपल्यातलेच शिकलेले कार्यकर्ते म्हणतात की हे सगळं भावनेचं आहे, भावनेवर सातबारा मिळत नाही. खरं आहे. २००८ च्या नियमांत नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद आहेत, घरं-झोपड्या आहेत, बांध आणि सपाटीकरण आहे, विहिरी, पुरायच्या जागा, देवस्थानं आहेत. कुऱ्हाड त्यात कुठं नाही. पण त्याच यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे पाहायचे असं नियम सांगतो. त्या दिवशी म्हातारबांचं तोंड कोणी उघडलं? फॉर्मनं नाही उघडलं. आमचं म्हणणं एवढंच की निवेदन घ्यायला बसाल तेव्हा आधी घरातली जुनी अवजारं अंगणात काढायला सांगा. वखराची पास, कुदळ, वासला, इळा, जे असेल ते. हातात वस्तू आली की माणसाला साल आठवतं, हंगाम आठवतो, शेजारी कोण वाहत होता तेही आठवतं.

कायद्याची गंमत पाहा. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन सावकार कर्जापायी तुमच्या दारात आला, तरी १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची शेतीची अवजारं त्याला जप्त करता येत नाहीत. इंग्रजाच्या राज्यातही एवढी समज होती. पण त्याच इंग्रजानं १९२७ चा वन कायदा केला आणि त्याच्या कलम ५२ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली हत्यारं, होड्या, गाड्या, गुरं सगळं उचलता येतं. सावकाराला जे शिवता येत नाही ते गार्डला चालतं! शब्दही बघा. आपल्याकडं हत्यार म्हणजे सुताराचं, शेतकऱ्याचं साधन. तेच नाक्यापलीकडं गेलं की शस्त्र होतं आणि आपण टोळी होतो.

म्हणून यापुढं कोणाचं अवजार नेलं तर हात जोडून घरी येऊ नका. पंचनाम्याची नक्कल मागा. त्यात "जुनी कुऱ्हाड एक नग" एवढंच लिहू देऊ नका, दांडा कशाचा, खूण काय, हेही लिहायला लावा. कलम ५३ प्रमाणे रेंजर साहेबांना बंधपत्रावर ती परत देता येते, तसा अर्ज करा. आणि दंड भरलाच तर पावती घेतल्याशिवाय उठू नका.

वासल्याबद्दलही लिहायचं आहे. कोरकूंच्या घरात ज्या वासल्यानं वखराचं लाकूड घडतं, त्याच हत्यारानं सिडोलीच्या वेळी मेलेल्या माणसासाठी सागाच्या फळीचा मुंडा तासतात, वर सूर्य-चंद्र कोरतात. बापाच्या वासल्यानं बापाचाच मुंडा घडवलेली माणसं आपल्या संघटनेत आहेत. त्यांना कोणी त्या वासल्याचा भाव विचारू नये.

आणि आईचा इळा. तो पोरीकडं जातो, खुरपंही जातं. जमीन मात्र पोराकडं जाते, ही आपल्या घरातली गोष्ट आहे, खात्याची नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे नवरा-बायको दोघांच्या नावानं पट्टा द्यायचा आहे. तरी आमच्यासमोर आलेल्या फॉर्मांत बायकोच्या नावाची जागा कोरी दिसते. इळ्यानं जिचा हात कापला तिचं नाव लिहायला शाई संपते काय?

सगळ्यांत जास्त अवजारं गेली ती गाव उठताना. कोहा, कुंड, बोरी ही गावं व्याघ्र प्रकल्पासाठी डोंगरावरून खाली अकोट तालुक्यात आणली. घर मोजतात, झाडं मोजतात, अवजारं कोणी मोजत नाही. डोंगराच्या मुरमाड उतारासाठी बेतलेलं अवजार पयनघाटच्या काळ्या मातीत उपयोगाचं राहत नाही. मग ते गोठ्यात पडतं, आणि एक दिवस भंगारवाला येतो, किलोच्या भावानं नेतो. विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही, चूल पेटायची असते. पण ज्यांच्या गावाचं आज उठायचं बोलणं चाललं आहे, त्यांनी ग्रामसभेत हा विषय काढावा. अवजार मागं राहिलं की ते कोणत्या मातीत चाललं होतं, हे सांगायचं कारणही मागं राहतं.

त्या साथीचा दावा समितीनं नोंदवला आहे. म्हातारबांचं निवेदन जोडलं, त्यावर त्यांचा अंगठा घेतला. पावतीची झेरॉक्स परतवाड्याहून काढून आणायची आहे. मूळ पावती कोणाच्याही हातात द्यायची नाही असं त्याच्या आईनं बजावलं आहे, ती परत गाडग्यात ठेवली. कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून तो घरी गेला, कारण दुसऱ्या दिवशी कुंपणाचं काम होतं.