आधी किल्ला, मग सनावळी

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला इतिहास कधी कंटाळवाणा वाटत नाही. परीक्षेसाठी सनावळी घोकताना मात्र वाटतो. दोष इतिहासाचा नव्हे, आपल्या सांगण्याचा आहे. किल्ला रचताना त्याला एवढेच विचारावे : वेढा पडला तर गडावर पाणी कोठून मिळणार? मग रायगडावरील गंगासागर तलाव दाखवावा. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दंडक सांगावा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, हा आकडा मग त्याला आपोआप बोचेल. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा ठरले. तो वारसा पुढच्या पिढीचा व्हायचा, तर पालकांनी मुलांशेजारी मातीत बसायला हवे.