आगरी बोली आणि तिचा नवा प्रेक्षक

फेब्रुवारी २०१७मध्ये डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते अक्षयकुमार काळे, संमेलननगरीला नाव होते पु. भा. भावे यांचे आणि यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. ज्या समाजाने मांडव घातला त्याची बोली मराठी साहित्यात किती आहे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

त्या बोलीने आपली वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत ठाणे, भिवंडी, कल्याण, पनवेल या पट्ट्यातली आगरी बोली यूट्यूबवर सर्रास ऐकू येऊ लागली. विनायक माळी यांचा ‘दादूस’ हे त्यातले सर्वपरिचित पात्र. दादूस घरातल्या-गावातल्या गोष्टी आपल्याच हेलात बोलतो आणि आपल्यासाठी त्यांचा अर्थ सांगत बसत नाही. मला हे महत्त्वाचे वाटते. मराठी कथेत बोली बहुधा अवतरणचिन्हांत येते. निवेदक प्रमाण भाषेत बोलतो आणि वाचकाच्या शेजारी बसून पात्रांकडे पाहतो. या व्हिडिओंत तो मधला माणूसच नाही. मध्यमवर्गीय घरांत दर्या पोहोचला तो शांता शेळके यांच्या ‘मी डोलकर’मधून, हृदयनाथांच्या चालीवर, लताबाई आणि हेमंतकुमारांच्या आवाजात. गीत सुंदरच आहे. (कोळी आणि आगरी एक नव्हेत, बाहेरच्यांनी मात्र दोघांना बहुधा एकाच टोपलीत घातले.) पण ते किनाऱ्यावर उभे राहून लिहिलेले आहे.

ठाण्याच्याच प्राजक्ता कोळी यांनी २०१५मध्ये ‘मोस्टलीसेन’ ही वाहिनी सुरू केली ती हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात, आणि त्या देशभर पोहोचल्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही; बाजाराचे गणितच तसे आहे. आगरीत बोलणाऱ्याने ते गणित मोडले आणि तरीही त्याला प्रेक्षक मिळाला, ही गोष्ट मात्र भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

तरीही माझे समाधान होत नाही. या पडद्यावर आगरी बहुतेक वेळा दोनच कामांसाठी येते, हसवायला आणि हळदीत नाचवायला. संमेलनानंतर चारच महिन्यांनी, जून २०१७मध्ये, कल्याणजवळच्या नेवाळीत शेतकरी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी ब्रिटिशांनी घेतलेल्या जमिनीचा तो वाद. आंदोलन हिंसक झाले. जमीन गेलेल्या माणसाची गोष्ट त्याच्याच बोलीत सांगणारा, दादूसइतका पाहिला गेलेला व्हिडिओ माझ्या तरी पाहण्यात नाही. नाटक-सिनेमाने ग्रामीण बोलीला विनोदी नोकराच्या तोंडी बसवले, तीच जागा आता स्वखुशीने घेतली जाते आहे की काय, अशी शंका येते. टाळी जिथे मिळते तिथेच बोली वळते.

आपला वाटाही यात आहेच. महदंबेचे धवळे आपण आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून शिकवतो. आगरी लग्नात धवलारीण आजही धवळे गाते. कल्याणच्या वर्गात समोरच्या बाकावरच्या मुलीच्या आजीला ते तोंडपाठ असतील, हे किती प्राध्यापकांच्या मनात येते? माझ्या मनात बरीच वर्षे आले नाही.

आणि हे सारे टिकणार कुठे? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. छापलेले तिथे सांभाळले जाते. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावरच्या चिमुकल्या आगरी, मालवणी, अहिराणी चित्रफिती आपल्याकडून दिसेनाशा झाल्या. त्यांची सूची करावी असे आम्हा शिक्षकांपैकी कोणी सुचवल्याचे मला आठवत नाही. पदव्युत्तर वर्गाच्या बोलीविषयक प्रकल्पात प्रत्येक विद्यार्थ्याने दोन व्हिडिओ आणि घरच्या वडीलधाऱ्यांचे एक गाणे लिहून काढावे, आणि त्या वह्या ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाने ठेवून घ्याव्यात. एवढे येत्या सत्रापासून करता येईल.