वारा पडला तरी दार उघडू नका

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळ्याकडे घरांचे पत्रे, कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. आता पुन्हा इशारा आला, तर आपण काय करू? कागदपत्रे, औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू, पिण्याचे पाणी भरू, मोबाईल चार्ज करू. घर कच्चे असेल तर वारा सुटण्याआधीच मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन पक्क्या इमारतीत जाऊ. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. तेव्हा पत्रे बघायला कुणी बाहेर पडू नये. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने पुन्हा झोडपतो. दुआ करूच, पण दाराला कडीही लावू.