विंचू गोड, दगड नको



'फँड्री'चं विंचवाचं गाणं तुम्हाला पाठ आहे. धायरी फाट्यावर वरात अडली की ते वाजतं. गणपतीत वाजतं. धारेश्वराच्या जत्रेतही वाजतं. आता नाचणाऱ्यांना विचारा, हे गाणं सिनेमात कुठं येतं? पोरं डोकं खाजवतील. कारण ते सिनेमात येतच नाही.

अजय-अतुल या जोडीनं ते सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी केलं. नागराज मंजुळेचा 'फँड्री' थेटरात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला, व्हॅलेंटाइनच्या मुहूर्तावर. गाणं त्याआधीच मोबाइलमोबाइलवर पोचलं होतं. अजयचा खुला गळा आणि शालूमागं येडा झालेला जब्या. गाणं झकास आहे, वाद नाही. जोडीवर माझा राग नाही, त्यांच्या गाण्यानं माणसं थेटरापर्यंत आली. राग आहे तो गाणं ठेवून घेऊन सिनेमा परत करणाऱ्यांवर.

सिनेमात काय आहे? कैकाडी पोराचं प्रेम आहे. ज्या जत्रेत त्याला शालूपुढं नाचायचंय, तिथंच त्याच्या डोक्यावर बत्ती येते. दुसऱ्यांनी नाचायचं, यानं उजेड धरायचा. पुढं तिच्या डोळ्यांदेखत डुक्कर धरावं लागतं. राष्ट्रगीत सुरू होतं, डुकरामागं धावणारं घरदार जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र उभं राहत नाही. मग तेच डुक्कर बांधून खांद्यावरून चाललंय, आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्याबाहेर, आपल्या तोंडावर.

यातली बत्ती, डुक्कर, दगड वगळा. काय उरलं? एक पोरगा, एक पोरगी, एक विंचू. जात काढून टाकली की प्रेम कुणाच्याही वरातीत चालतं.

पण जात अशी निघते का? सिनेमा लागून अडीच महिने होतात न होतात, २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यात खर्ड्याला नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. खटल्यात साक्षीदार फिरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळच्या मोबाइलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं. त्यावरून त्याला उचलून नेलं आणि ठार मारलं.

म्हणजे बघा. एक रिंगटोन सगळ्या गावाची, दुसरी जीव घेते. ज्या गाण्यात आपली जात दिसत नाही ते गोड लागतं. ज्यात बाबासाहेबांचं नाव येतं ते झोंबतं. खरा विंचू कुठला, ते ओळखा.

आणि आपण? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्याच डीजेवर तेच गाणं, आपल्याच शिट्ट्या. नाचा, पाय आपले आहेत. पण ठेका माणसाला कसा बधिर करतो ते गिरणीत राबणाऱ्याला विचारा. यंत्राचा ठेका आठ तास कानात बसला की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही.

म्हणून पुढच्या जयंतीला डीजेचं थोडं भाडं वाचवा. वस्तीत पांढरी चादर बांधा. सबंध 'फँड्री' दाखवा. म्हाताऱ्यांना, पोरीबाळींना, शेजारच्या आळीलाही बोलवा. शेवटचा दगड आला की दिवे लावा आणि विचारा, कुणाला लागला?

ज्याला लागला नाही, त्याच्याशी रात्रभर बोला.