पाच बिंदू आणि बागेतला कट्टा

व्यापारी घरांत हिशेब मुलांच्या कानांवर पाळण्यापासून पडत असतो. टक्केवारी, व्याज, नफा-तोटा हे त्यांना शिकवावे लागत नाही. परंतु अकरावी-बारावीचे गणित सुरू झाले, की हा वारसा अपुरा पडू लागतो. शंकुच्छेद, क्रमचय-संचय, कलन हे विषय दुकानात भेटत नाहीत. वडिलांना मदत करता येत नाही, आईला मुलाची काळजी दिसते पण उदाहरण कळत नाही. क्लासची फी भरली जाते, आणि तरीही रात्री अकरा वाजता मूल एका उदाहरणापाशी एकटेच अडून बसलेले असते. तेच उदाहरण पलीकडच्या इमारतीतील वर्गमित्राला सुटलेले असते. पण एकाला विचारण्याचा संकोच, आणि दुसऱ्याला सांगितल्यास आपण मागे पडू ही भीती. या संकोचाचे आणि भीतीचे मोल किती, हे समजण्यासाठी हंगेरी या छोट्या देशाची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे.

1894 साली हंगेरीतील ज्योर या गावी दानिएल आरान्य नावाच्या शिक्षकाने माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी एक गणित-मासिक सुरू केले. त्याची रीत साधी होती. अंकात उदाहरणे छापली जात, गावोगावचे विद्यार्थी आपापली उत्तरे टपालाने पाठवीत, आणि उत्तम उत्तर विद्यार्थ्याच्या नावासह प्रसिद्ध होई. पुढे उत्तम सोडवणूक करणाऱ्यांची छायाचित्रेही छापली जाऊ लागली. त्यामुळे कधीही न भेटलेली मुले एकमेकांना नावाने आणि चेहऱ्याने ओळखू लागली. नुसते उत्तर बरोबर असणे तेथे पुरेसे नव्हते; ते दुसऱ्या मुलाला समजेल असे लिहावे लागे. पहिल्या महायुद्धात हे मासिक बंद पडले आणि 1925 मध्ये पुन्हा सुरू झाले.

त्या काळात शाळेत असलेली काही मुले पुढे बुडापेस्टमध्ये महाविद्यालयीन शिक्षणासाठी एकत्र आली. पॉल एर्डॉश, पॉल तुरान, एस्थर क्लाइन, जॉर्ज सेकेरेश ही त्यांपैकी काही नावे. त्यांतील बहुतेक ज्यू कुटुंबांतील होती. 1920 च्या कायद्याने विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली होती, आणि पदवी मिळाली तरी नोकरीची आशा फारशी नव्हती. सेकेरेश व्यापारी घरातला. घरचा धंदा चामड्याचा, म्हणून तो रसायनशास्त्र शिकत होता. गणित त्याच्या अभ्यासक्रमाचा मुख्य विषयही नव्हता. शहरातील मोठ्या बागेत एका अनामिक इतिहासकाराचा पुतळा आहे. त्या पुतळ्यापाशी ही मंडळी जमत आणि एकमेकांसमोर उदाहरणे मांडत.

1932-33 च्या हिवाळ्यात एस्थर क्लाइनने मित्रांपुढे एक प्रश्न ठेवला. कागदावर पाच बिंदू असे काढा, की कोणतेही तीन एका सरळ रेषेत येणार नाहीत. मग त्या पाचांतून चार बिंदू असे निवडता येतातच, की त्यांना जोडून कोठेही आत न दबलेला, म्हणजे बहिर्वक्र, चौकोन होतो. हे नेहमीच का घडते?

याचे उत्तर घरातील कोणालाही समजेल. पाच बिंदूंच्या जागी फळीवर पाच खिळे आहेत असे समजावे, आणि त्या सर्वांभोवती बाहेरून एक रबर ताणून बसवावे. रबराला चार किंवा पाच खिळे टेकले, तर चौकोन मिळालाच. तीनच टेकले, तर रबराचा त्रिकोण होतो आणि उरलेले दोन खिळे त्याच्या आत राहतात. आतल्या दोघांमधून एक सरळ रेषा काढावी. त्रिकोणाचे कोपरे तीन आणि रेषेच्या बाजू दोन. म्हणजे एका बाजूला दोन कोपरे येणारच. ते दोन कोपरे आणि आतले दोन खिळे मिळून हवा तो चौकोन होतो.

एस्थर येथेच थांबली नाही. चौकोनासाठी पाच बिंदू पुरतात, तर पंचकोनासाठी किती? षट्कोनासाठी किती? याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. तिने ते सर्वांसाठी मोकळे ठेवले. पंचकोनासाठी नऊ बिंदू पुरतात हे त्यांच्यातील एंद्रे माकाइ याने दाखवले. कितीही बाजूंच्या आकृतीसाठी पुरेशी बिंदुसंख्या असतेच, हे सेकेरेश आणि एर्डॉश यांनी सिद्ध केले, आणि 1935 मध्ये त्यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. प्रश्न एकीचा, एक पायरी दुसऱ्याची आणि पुढची सिद्धता आणखी दोघांची असा हा व्यवहार होता. 1937 मध्ये एस्थर आणि सेकेरेश विवाहबद्ध झाले. म्हणून एर्डॉशने या उदाहरणाला ‘सुखान्त प्रश्न’ असे नाव दिले.

पुढचा काळ मात्र सुखाचा नव्हता. तुरानला सक्तमजुरीच्या छावण्यांत राबावे लागले. त्या कट्ट्यावरचे काही तरुण युद्धातून परतले नाहीत. सेकेरेश दांपत्याने शांघायचा आश्रय घेतला आणि तेथे अनेक वर्षे हलाखीत काढून 1948 मध्ये ऑस्ट्रेलिया गाठले. स्थिरावल्यावर दोघांनी तरुणपणी मिळालेले ऋण फेडावयास घेतले. सिडनीत शालेय विद्यार्थ्यांसाठी गणिताचे एक नियतकालिक 1964 मध्ये निघू लागले, त्यासाठी सेकेरेश उदाहरणे देत असत. एस्थरने उतारवयात शालेय मुलांसाठी गणिताचे साप्ताहिक वर्ग चालवले. 28 ऑगस्ट 2005 रोजी ॲडलेड येथे दोघांनीही तासाभराच्या अंतराने जगाचा निरोप घेतला.

आजच्या पालकांची शंका येथे स्वाभाविक आहे. तेव्हा बागेत बसून गणिते सोडवली, ठीक. आज प्रवेश-परीक्षेत एकेका गुणाने क्रमांक घसरतो, तेथे आपल्या मुलाने दुसऱ्याला का शिकवावे? याचे उत्तर व्यापाऱ्याच्याच भाषेत देता येते. जेईईच्या पहिल्या टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यासाठी सुमारे अडीच लाख विद्यार्थी पात्र ठरतात. एवढ्या मोठ्या बाजारात शेजारच्या एका मुलापासून वही लपवून क्रमांक कितीसा सुधारणार? उलट दुसऱ्याला समजावताना आपल्याच उत्तरातील गाळलेली पायरी उघडी पडते. वहीत जमलेला दिसणारा ताळेबंद दुसऱ्याने तपासल्यावरच खरा ठरतो. गणिताचेही तसेच आहे.

घराघरांत यासाठी फार काही करावे लागत नाही. तीन-चार विद्यार्थी, आठवड्यातील एक ठरलेली वेळ आणि एक फळा पुरे. प्रत्येकाने आपल्याला अडलेले एक उदाहरण आणावे. सुटलेले नव्हे, अडलेले. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने प्रथम वीस मिनिटे गप्प राहावे, आणि मग उत्तर न सांगता पुढची एक पायरी तेवढी सुचवावी. ज्याला उदाहरण अडले होते त्यानेच शेवटी ते फळ्यावर संपूर्ण मांडावे. मुलींना या बैठकीत समान जागा असावी. बुडापेस्टच्या त्या कट्ट्यावरचा सर्वांत फलदायी प्रश्न एका मुलीनेच विचारला होता. आणि पालकांनी बैठक संपल्यावर ‘कोणाला जास्त आले?’ हा प्रश्न टाळून ‘आज काय अडले?’ एवढेच विचारावे.

पहिल्या बैठकीसाठी उदाहरण हवे असेल, तर एस्थरचेच घ्यावे. नऊ बिंदूंत बहिर्वक्र पंचकोन सापडतोच. आठांत मात्र तो टाळता येतो. ताटात मुगाचे आठ दाणे असे मांडावयाचे, की कोणतेही तीन एका रेषेत येऊ नयेत आणि कोठेही तसा पंचकोन होऊ नये. एकट्याने हे जमवणे अवघड आहे. षट्कोनासाठी सतरा बिंदू पुरतात, हे संगणकाच्या साहाय्याने केलेल्या कामातून 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. सप्तकोनासाठी नेमके किती लागतात, ते अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.