दोन काटे, एक पोतं

शुक्रवारी संध्याकाळी अप्रेझलचा फॉर्म भरला. 'तुमच्या कामाचा कंपनीला या तिमाहीत काय फायदा झाला?' या रकान्यात चार ओळी ठोकल्या, लॅपटॉप मिटला आणि नाशिकची गाडी पकडली. सोबत पवईची मैत्रीण. आयआयटी मुंबईत फिजिक्समध्ये पीएच.डी. करते. तिला तिमाही वगैरे भानगड नाही. तिचे प्रश्न वीस-वीस वर्षं चालतात!

शनिवारी सकाळी एसटीनं सावळघाट, कोटंबी घाट करत पेठला पोचलो, मामांच्या घरी. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा. पहिल्याच घासाला मामांनी मैत्रिणीला विचारलं, "ताई, तुम्ही नेमकं शिकता काय?"

मी मनात म्हटलं, झालं! आता ही न्यूट्रिनो सांगणार आणि मामा मान डोलावणार.

तिनं सांगितलं. सूर्याकडून आलेले साधारण साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. टोचत नाहीत, अडत नाहीत. मामा नखाकडे बघत म्हणाले, "आमच्या पावसासारखंच की. धो धो येतो, डोंगरावरून निघून जातो, आणि मार्चात आम्ही हंडे घेऊन उभे."

बॉस, ही उपमा मला चार वर्षांत सुचली नव्हती.

मग ती मुद्द्यावर आली. न्यूट्रिनो तीन जातींचे, आणि ते वाटेत जात बदलतात. म्युऑन जातीचा निघाला तर इलेक्ट्रॉन जातीचा होऊन पोचू शकतो. वस्तुमान असल्याशिवाय हे होत नाही. ते सिद्ध केल्याबद्दल काजिता आणि मॅकडॉनल्ड यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण वजनाच्या क्रमात सगळ्यात हलका कोण, हे अजून ठरलेलं नाही. ते शोधायला शास्त्रज्ञ यंत्रातून न्यूट्रिनोंचा झोत सोडतात, जमिनीखालून, थेट खडकातून. जपानचा 'टी-टू-के' 295 किलोमीटरचा, म्हणजे सरळ रेषेत मुंबई ते कोल्हापूर. अमेरिकेचा 'नोव्हा' 810 किलोमीटरचा, साधारण मुंबई ते बंगळुरू. हे अंतर झोत तीन मिलिसेकंदांच्या आत कापतो. आपल्याला घाटातच दीड तास लागला होता!

"मग पोचले किती ते मोजा, संपलं," मामा म्हणाले.

तिथंच तर ग्यानबाची मेख आहे. इलेक्ट्रॉन जातीचे किती पोचले, हा आकडा दोन गोष्टींनी वरखाली होतो. एक, वाटेतला खडक. तो कुठल्या दिशेला ढकलणार हे वजनाच्या क्रमावर ठरतं. दुसरी, न्यूट्रिनो आणि त्याचा जुळा प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यातला फरक. दोन्ही एकाच दिशेला ढकलत असतील तर उत्तर स्वच्छ. एकमेकांविरुद्ध ढकलत असतील तर आकडा मधेच कुठेतरी येतो आणि काहीच कळत नाही.

मी म्हटलं, आता मामा झोपणार. मामा उलट सावरून बसले. "भाताचं पोतं ओलं असलं की वजन जास्त भरतं. व्यापाऱ्याचा काटा मारका असला की कमी भरतं. दोन्ही एकदम झालं तर वजन बरोबर दिसतं, आणि कुणाला संशयच येत नाही. मग पोतं दुसऱ्या काट्यावर न्यायचं. दोन्हींत फरक आला की कळतं."

मैत्रीण भाकरी हातात धरून बघतच राहिली.

कारण हेच तर आयआयटी मुंबईच्या प्रा. एस. उमा शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितानं मांडलं होतं. लांब पल्ल्यात खडकाचा परिणाम मोठा, आखूड पल्ल्यात लहान. म्हणून टी-टू-के आणि नोव्हा या दोघांकडून मिळून जास्तीत जास्त काय काढता येईल, याचा हिशेब देणारा त्यांचा शोधनिबंध 2012 चा आहे. तेव्हा नोव्हाचं मोजमाप सुरूही झालं नव्हतं! जगात इतरही गट या कोड्यावर काम करत होते. शेवटी 2025 मध्ये दोन्ही प्रयोगांनी आपला डेटा एकत्र करून केलेलं विश्लेषण 'नेचर'मध्ये छापून आलं. क्रम? अजूनही ठरलेला नाही. पुढचा काटा 1300 किलोमीटरचा, अमेरिकेतला 'ड्यून'. त्याला झोत पुरवणाऱ्या प्रवेगकाचे भाग बनवण्यात आपलं ट्रॉम्बेचं बीएआरसीही आहे.

"आपला स्वतःचा काटा नाही?" मामांचा प्रश्न.

होता होता राहिलाय. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले होते. त्यानंतर तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात बोगदा खणून मोठी वेधशाळा करायचं ठरलं. पन्नास हजार टन चुंबकीय लोखंड, जानेवारी 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, सुमारे दीड हजार कोटी. पण स्थानिकांचा विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2022 मध्ये तमिळनाडू सरकारनं सुप्रीम कोर्टात नकार कळवला. वाघांचा जंगलपट्टा आहे तो.

मी तावातावानं म्हणाले, "मामा, न्यूट्रिनोनं कुणाला काही होत नाही. लोक उगाच घाबरतात!"

मामा शांतपणे म्हणाले, "न्यूट्रिनोला कोण घाबरतंय गं? ते आत्ताही जातायत ना नखातून. सुरुंगानं झरा आटला तर? इकडं नदीजोडाचा विषय निघाला की आमच्या पोटात गोळा येतो, तो पाण्याला घाबरून नाही. आम्हाला शेवटी सांगतात, म्हणून. तिथल्या माणसांना आधी कुणी असं जेवता जेवता समजावलं होतं का?"

मी गप्प. मैत्रीणही गप्प. मग ती हळूच म्हणाली, "आम्ही बरोबर होतो, मामा. पण आमचा काटा एकच होता."

रविवारी परतताना तिनं घाटात वही काढली आणि पोत्याचं चित्र काढलं. पुढच्या सेमिनारला पहिली स्लाइड हीच, म्हणे. मी फोनवर अप्रेझलचा फॉर्म पुन्हा उघडला. फायद्याच्या रकान्यातल्या माझ्या चार ओळी तशाच होत्या, एकदम चकाचक, एकाच काट्यावर तोललेल्या. ज्यांच्यासाठी ते सॉफ्टवेअर केलं, त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पहिला फोन त्यांनाच लावला.