तिकिटाची सहल

एप्रिलच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "या सुट्टीत कुठे जायचे?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. कोणी नानीच्या गावी जाई, कोणी दादीकडे. तेथे आंबे असत, विहीर असे, मावसभावंडे असत आणि रात्री अंगणात गप्पा रंगत. आता आणखी एक उत्तर पुढे येते, "मोठ्या पार्कमध्ये जाऊ या!" टीव्हीवर, मोबाइलवर आणि रस्त्यावरच्या फलकांवर आपण त्याच्या जाहिराती पाहतो. उलटीसुलटी धावणारी गाडी, उंच घसरगुंडी, लाटांचे तळे आणि हसणारे कुटुंब. जाहिरातीत कोणी घामाघूम झालेले नसते. कोणी रांगेत उभे नसते. अब्बांच्या हातात पाकीटही दिसत नाही.

मला या पार्कांविरुद्ध बोलायचे नाही. तेथे मजा असते, यात शंका नाही. पण जाण्याआधी तो दिवस खरोखर कसा असतो, हे तुम्हांला माहीत असावे. तो दिवस फक्त तुमचा नसावा, साऱ्या घराचा असावा, असे माझे मत आहे.

ही कल्पना आली कोठून? अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचे प्रसिद्ध चित्रपट-निर्माते होते. ते आपल्या मुलींना लॉस एंजलिसमधील एका बागेत घेऊन जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून पाहत राहत. त्यांच्या मनात आले, मुलांना आणि मोठ्यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये? या विचारातून १७ जुलै १९५५ रोजी 'डिस्नेलँड' सुरू झाले. गंमत अशी, की पहिल्याच दिवशी तेथे फजिती झाली. खोटी तिकिटे घेऊन हजारो लोक आत शिरले. ऊन इतके कडक होते, की नवे डांबर मऊ झाले आणि स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे होते. गर्दी, ऊन आणि पाणी! सत्तर वर्षे झाली, तरी अशा सहलीच्या अडचणी फारशा बदललेल्या नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली 'एस्सेल वर्ल्ड' सुरू झाले. खाडी ओलांडून होडीने तेथे जाता येई. तुमच्या अम्मी-अब्बांना विचारा, त्यांच्या वयाच्या अनेकांना त्याची जाहिरात अजून आठवते. २०२२ मध्ये ते पार्क बंद झाले. त्याआधी, २०१३ साली खोपोलीजवळ 'इमॅजिका' सुरू झाले होते. शिवाय अनेक शहरांजवळ पाण्याची लहान-मोठी पार्के आहेत.

आता उरूस किंवा जत्रा आठवा. डिसेंबर महिन्यात मुंबईत माहीमच्या दर्ग्याजवळ मेळा भरतो. तेथे आकाशपाळणा असतो, खाऊची दुकाने असतात. मेळ्यात फिरायला पैसे पडत नाहीत. ज्याला पाळण्यात बसायचे, तो तेवढेच पैसे देतो. दादी एका कडेला बसून गर्दी पाहते, चहा पिते आणि खूश होते. मोठ्या पार्कमध्ये मात्र दारातच तिकीट काढावे लागते. तुम्ही दहा पाळण्यांत बसा, नाहीतर एकाही नको, पैसे आधीच गेलेले असतात. डिस्नेलँडमध्येही पूर्वी प्रत्येक खेळाचे वेगळे तिकीट असे. १९८२ मध्ये ती पद्धत बंद झाली.

या एका बदलाने माणसाचे मन कसे बदलते पाहा. दारात मोठी रक्कम दिली, की ती वसूल करायची घाई सुरू होते. "चला, पळा, अजून तो खेळ राहिला!" अब्बा पुढे, मुले मधे आणि पिशव्या सांभाळत अम्मी मागे. धाकटी रडते, कारण तिला भूक लागलेली असते. मोठा चिडतो, कारण त्याची रांग चुकते. आनंदासाठी काढलेल्या दिवशी घरातली माणसे एकमेकांवर ओरडू लागतात. दोष कोणा एकाचा नसतो. दोष त्या 'वसुली'चा असतो.

आता थोडे गणित करू या. समजा, एका गाडीत २४ जण बसतात. बसणे, पट्टे तपासणे, फेरी आणि उतरणे यांसाठी तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४८० माणसे. तुमच्यापुढे ४८० माणसे असतील, तर तुमची पाळी यायला एक तास लागणार. पट्टे तपासण्यात घाई करता येत नाही, कारण तेथे जिवाचा प्रश्न असतो. समजा, पार्क आठ तास उघडे आहे. जेवण, चालणे, विश्रांती यांत दोन तास गेले. उरले सहा तास. गर्दीच्या दिवशी प्रत्येक खेळासाठी ४५ मिनिटे लागली, तर आठ खेळ होतील. प्रत्यक्ष फेरी दोन मिनिटांची धरली, तर आठ खेळांची मिळून मजा किती? फक्त सोळा मिनिटे!

म्हणून मी म्हणतो, पार्कमधला दिवस मुख्यतः रांगेतच जातो. रांगेत आपण भांडलो, तर दिवस भांडणात जाईल. रांगेत कोडी घातली, अंताक्षरी खेळलो, अब्बांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकल्या, तर तोच दिवस चांगला जाईल. वर्षभर कामावर असणारे अब्बा तासभर आपल्याशेजारी उभे आहेत, ही काही लहान गोष्ट नाही.

आणखी काही गोष्टी जाहिरातीत सांगत नाहीत. मोठ्या खेळांना उंचीची अट असते. ठरलेल्या उंचीपेक्षा लहान मुलाला बसू देत नाहीत. हा अपमान नव्हे. अंगावरचा पट्टा किंवा दांडा लहान शरीराला नीट धरत नाही आणि मूल निसटण्याची भीती असते. तेव्हा धाकट्या भावाला टाचा उंचावून उभे करू नका, आणि तेथल्या माणसाशी वादही घालू नका. पाण्याच्या पार्कमध्ये बहुधा ठरावीक कापडाचाच पोशाख चालतो, सुती कपडे चालत नाहीत. पूर्ण अंग झाकणारा पोशाख चालेल का, हे आधी फोन करून विचारावे. नाहीतर अम्मी आणि आपा दिवसभर काठावर बसून राहतात. मे महिन्यात कोकणातली हवा दमट असते. घाम लवकर सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. डोके झाकावे, पाणी सतत प्यावे आणि दुपारी सावलीत बसावे. चक्कर आली किंवा मळमळू लागले, तर ते घरच्यांपासून लपवू नये.

आता सर्वांत अवघड गोष्ट, पैसा. तिकीट म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. प्रवास, गाडी उभी करण्याचे पैसे, सामान ठेवण्याचे कपाट, पोशाखाचे भाडे आणि आतले महागडे जेवण, हे सारे त्यात मिळवावे लागते. बहुतेक ठिकाणी घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. ज्यांचे अब्बा यंत्रमागावर काम करतात किंवा रिक्षा चालवतात, त्यांच्या घरी आणखी एक खर्च असतो. त्या दिवसाची मजुरी बुडते. हा आकडा कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो, पण तो अब्बांना पाठ असतो. कर्ज काढून अशी सहल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका दिवसाची सहल चार महिने फेडत बसावी लागली, तर ती सहल कसली?

तरीही मुले हट्ट का धरतात? मला वाटते, त्यामागे पाळण्याची हौस थोडी आणि जून महिन्याची भीती जास्त असते. शाळा सुरू होते आणि वर्गात विचारणे होते, "तू कुठे गेला होतास?" 'मी सुट्टी कशी घालवली' या विषयावर निबंधही लिहायचा असतो. जो कोठेच गेला नाही, तो मान खाली घालतो. मित्रांनो, ही मान खाली घालायला लावणारे आपणच असतो. कोणी सुट्टीत पोहायला शिकला असेल, कोणी नानीबरोबर लोणचे घातले असेल, कोणी अब्बांच्या दुकानात हिशेब लिहिला असेल. त्यांचा निबंध पाळण्याच्या निबंधापेक्षा हलका का मानावा? पार्कमधून आलेल्यांनी आपली गंमत जरूर सांगावी, पण इतरांचीही तितक्याच आवडीने ऐकावी.

कोणी म्हणेल, "मग जायचेच नाही का?" जरूर जावे. रोज स्वयंपाक करणाऱ्या अम्मीला एक दिवस चुलीपासून सुट्टी मिळावी, हे कारणही पुरेसे आहे. मात्र जायचे तर विचार करून जावे. शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडावा. दार उघडण्याच्या वेळी पोहोचावे आणि गर्दीचे खेळ आधी करावेत. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एकच खेळ सांगावा. तेवढे झाले, की सहल पूर्ण झाली असे समजावे. बाकीचे मिळाले तर वरकमाई! चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ते दारातच ठरवावे.

एक काम मात्र आजच करता येईल. संध्याकाळी घरातली सर्व माणसे एकत्र असताना वही घेऊन बसा. एका पानावर खर्च लिहा, अब्बांची बुडणारी मजुरीही लिहा. दुसऱ्या पानावर प्रत्येकाची इच्छा लिहा, आणि सर्वांत आधी अम्मीला विचारा. बहुतेक घरांत हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नसतो. कदाचित ती पार्कचे नाव घेईल, कदाचित आपल्या माहेरचे. दोन्ही पाने पाहून सर्वांनी मिळून ठरवा. उत्तर "या वर्षी नको" असे आले, तरी ते तुम्ही सर्वांनी मिळून दिलेले उत्तर असेल. मग हट्ट करण्याची आणि रुसण्याची गरज उरणार नाही.